शेवटची शू कधी झाली?

या महिन्याच्या पत्रांचा गठ्ठा समोर घेऊन बसले आहे. तापाचा आकडा जवळजवळ प्रत्येकाने दशांशासकट कळवलाय. पण बाळाने शेवटची शू कधी केली, हे एकाही पत्रात नाही. दवाखाना चालवत होते तेव्हा हा प्रश्न मी इतक्यांदा विचारायचे की आमच्या सिस्टर तो पालकांना दारातच विचारून घ्यायच्या आणि केसपेपरच्या कोपऱ्यात वेळ लिहून आत पाठवायच्या. त्या कोपऱ्यातल्या वेळेने मला थर्मामीटरपेक्षा जास्त वेळा सावध केलंय. तेव्हा पुढच्या खेपेला लिहाल तर बाळाचं वय, वजन आणि ही वेळ एवढं आधी लिहा. बाकीचं मग.

आणि नेहमीची सूचना: पत्राचं उत्तर छापून यायला महिना लागतो. बाळ आत्ता आजारी असेल तर मासिक मिटा आणि आपल्या डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : मुलगी १४ महिन्यांची, वजन साडेनऊ किलो. परवा रात्री ताप १०२.८ पर्यंत गेला. औषध दिलं की १०१ वर यायचा, पण नॉर्मल होतच नव्हता. रात्री अडीचला तिला झोपेतून उठवून पुन्हा डोस दिला. सकाळी कळलं की बायको थेंबांच्या बाटलीतून औषध देत होती आणि माझी आई सिरपच्या बाटलीतून. आता मुलगी बरी आहे, पण काही बिघडलं असेल का? दर दोन तासांच्या तापाचा तक्ता सोबत जोडला आहे.

तक्ता फार सुबक आहे. पट्टीने रेघा मारल्यात. त्यात एकच रकाना नाही, तो म्हणजे औषध कुणी, किती वाजता, किती मिली दिलं. तो असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

दोन्ही बाटल्यांत एकच औषध आहे, पॅरासिटामॉल. नावं वेगळी, रंग वेगळे, चव वेगळी, आत तेच. एखाद्या वेळी दुप्पट गेलं तर सहसा काही होत नाही, त्यामुळे जीव भांड्यात पडू द्या. मात्र हाच घोळ दोन-तीन दिवस चालला असता तर यकृताला इजा होऊ शकली असती. अशी शंका कधीही आली तर मूल बरं दिसत असलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं, मिलीच्या आकड्यासकट.

आता हे नीट समजून घ्या, कारण या चुकीने मी वर्षानुवर्षं घाबरत आले आहे. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीला १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलीला १२० किंवा १२५, आणि 'जास्त ताकदीच्या' सिरपमध्ये ५ मिलीला २५०. म्हणजे थेंबांची बाटली ही लहान बाळांसाठी असल्यामुळे 'सौम्य' असेल असं आपल्याला वाटतं, आणि असतं नेमकं उलटं. साध्या सिरपच्या मापाने चुकून थेंबांचं औषध दिलं तर चौपट डोस पोटात जातो. एका वेळी वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम लागतं. तुमच्या मुलीला ९५ ते १४०. म्हणजे थेंबांतून एक ते १.४ मिली, किंवा १२० वाल्या सिरपमधून चार ते साडेपाच मिली. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा, आणि २४ तासांत चारच्या वर नाही. घरात एकच बाटली ठेवा. दुसरी आजच टाकून द्या. तिच्यावरचा आकडा वाचून, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नव्हे तर सिरिंजने मोजून द्या. चमचे प्रत्येक घरात वेगळे असतात, आणि रात्री अडीचला तर प्रत्येक हातात वेगळे.

राहिला ताप 'नॉर्मल न येण्याचा' प्रश्न. तो यायलाच हवा असं कुणी सांगितलं? औषध द्यायचं ते मुलाला बरं वाटावं म्हणून, थर्मामीटरला बरं वाटावं म्हणून नव्हे. १०१ वर खेळणारं, पाणी पिणारं, शू करणारं मूल मला १०० वर मलूल पडलेल्या मुलापेक्षा चालतं. आणि झोपलेल्या मुलाला तापाच्या औषधासाठी उठवू नका. झोप त्याहून मोठं औषध आहे. गार पाण्याने अंग पुसणंही नको. मूल कुडकुडतं, आणि कुडकुडलं की शरीर आणखी उष्णता तयार करतं.

याला एक अपवाद आहे आणि तो पाठ करून ठेवा: बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ म्हणजे ३८ सेल्सिअसला टेकला, तर घरी काहीही करायचं नाही. औषध नाही, वाट बघणं नाही. तडक दवाखाना, रात्री तीन वाजताही. त्या वयात मोठा जंतुसंसर्गही नुसत्या बारीक तापाने सुरू होतो. मोठ्या मुलांतही ताप तीन दिवसांच्या वर गेला, मूल पीत नसेल, श्वास भरभर चालत असेल, मान वळवताना रडत असेल किंवा अंगावर दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके आले, तर थांबू नका.

प्रश्न : नात सहा दिवसांची आहे. डोळे आणि अंग पिवळसर दिसतं. डॉक्टरांनी तपासून काळजीचं नाही म्हणून घरी सोडलं. मी रोज सकाळी तिला खिडकीशी कोवळ्या उन्हात धरते. मुलगी म्हणते, आई, याचा काही उपयोग नाही. आमच्यात यावरून रोज वाद होतो. तुम्हीच निकाल द्या.

आजी, अर्धा निकाल तुमच्या बाजूने देते, म्हणजे पुढचं तुम्ही ऐकाल.

१९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर होत्या. हवा चांगली असली की त्या बाळांना बाहेर उन्हात घेऊन जायच्या. एकदा राउंडच्या वेळी त्यांनी एका बाळाचं अंग उघडून डॉक्टरांना दाखवलं. बाळ फिकट झालं होतं, पण एक तिकोनी तुकडा मात्र पिवळाधमक होता. डॉक्टरांना आधी वाटलं, काही औषध फासलंय. ती चादरीच्या टोकाखाली झाकली गेलेली जागा होती. बाकीच्या अंगाला ऊन लागलं, तेवढ्या तुकड्याला लागलं नाही. त्या तिकोनावरून पुढे निळ्या दिव्यांचा उपचार, म्हणजे फोटोथेरपी उभी राहिली. तेव्हा उजेडाने कावीळ उतरते हे तुमचं म्हणणं खोटं नाही.

पण मुलीचंही खरं आहे. दिव्याचा प्रकाश मोजलेला असतो आणि तो उघड्या अंगावर तासन्‌तास पडतो. खिडकीतली दहा मिनिटं त्याच्यापुढे काहीच नाहीत, आणि तासभर उघडं ठेवलं तर बाळ गारठेल किंवा त्याची कातडी भाजेल. त्यापेक्षा मोठा तोटा असा की, आपण काहीतरी करतोय या समाधानात कावीळ वाढत असल्याचं लक्षातच येत नाही.

बहुतेक बाळांची कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसायला लागते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि दोन आठवड्यांत ओसरते. पिवळेपणा शरीराबाहेर जातो तो मुख्यतः शीमधून, आणि शी व्हायला दूध पोटात जायला हवं. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं, हा तुमच्या घरचा खरा उपचार. तुम्ही उन्हासाठी उठताच आहात, तर त्या वेळात बाळाचं बाकीचं सगळं करा आणि मुलीला तासभर झोपू द्या. तिला दूध त्याने जास्त येईल.

आणि रोज भर उजेडात एक गोष्ट बघा. बाळाच्या कपाळावर बोटाने हलकं दाबून सोडा. कातडी पांढरी होते त्या क्षणी खाली पिवळं दिसतं का? मग छातीवर, पोटावर, शेवटी तळहात-तळपायांवर. पिवळेपणा वरून खाली उतरत जातो. तळव्यांपर्यंत पोचला, बाळ पाजायला उठेनासं झालं, शू दिवसाला सहापेक्षा कमी झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. सावळ्या रंगाच्या बाळात डोळ्यांना चकवा बसतो, म्हणून शंका आली की रक्ताचा आकडाच खरा. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ कधीच साधी समजायची नाही. आणि दोन आठवड्यांनंतरही राहिलेली, विशेषतः शी खडूसारखी पांढुरकी आणि लंगोटाला शूचे पिवळे डाग पडत असतील तर, तातडीने दाखवायची. पित्ताची नळी बंद असण्याचा एक आजार आहे, त्याचं ऑपरेशन बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालं तर फायदा सगळ्यात जास्त होतो. 'होईल हळूहळू कमी' म्हणत तीन महिन्यांनी आलेली बाळं मी पाहिली आहेत. त्यांच्या आई-बाबांना काय सांगायचं, ते मला कधी नीट जमलं नाही.

प्रश्न : चार दिवसांच्या मुलीच्या लंगोटाला रक्ताचा डाग दिसला. छातीही सुजल्यासारखी आहे. फार घाबरले आहे.

घाबरू नका. पोटात असताना तुमची संप्रेरकं तिच्या रक्तात होती, ती आता उतरतायत. थोडं रक्त, पांढरा स्राव, छातीची सूज, हे सगळं त्यातलंच. रक्त दोन-चार दिवसांत थांबतं, सूज काही आठवडे राहते. मुलग्यांच्याही छाती सुजतात. फक्त कुणालाही ती पिळू देऊ नका, कितीही अनुभवी हात असले तरी. पिळल्याने पू होतो. रक्त आठवड्याच्या पुढे चाललं, जास्त वाटलं किंवा बेंबीतूनही येत असलं तर मात्र दाखवा.

प्रश्न : मुलगा दोन वर्षांचा. कालपासून आठ पातळ शी, तीन उलट्या. ओआरएसचं पाकीट आणलं, पण तो एक घोट घेऊन थुंकतो. मी लागेल तशी थोडी पूड पेल्यातल्या पाण्यात घालते, म्हणजे वाया जात नाही. फळांचा तयार रस मात्र आवडीने पितो, तो दिला तर चालेल ना?

तो थुंकतो कारण खारट लागतं. खारट लागतं कारण तुम्ही अंदाजाने कालवताय. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर अख्खं पाकीट एक लिटर मोजलेल्या पाण्यात, लहान पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरला, हेसुद्धा नको, पूड सारखी मिसळलेली नसते. उरलेलं २४ तासांनी ओतून द्यायचं. जाऊ दे वाया! जास्त मीठ रक्तात गेलं तर जुलाबापेक्षा जड पडतं.

रस नको. तयार रसातली साखर इतकी जास्त असते की ती आतड्यात उलट पाणी खेचते आणि शी आणखी पातळ होते. ओआरएसमध्ये साखर गोडीसाठी नसतेच. आतड्याच्या आवरणात एक दार असतं, त्यातून मीठ एकटं आत जात नाही, साखरेचा हात धरून जातं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. जुलाबात बाकीची दारं बिघडली तरी हे उघडं राहतं. म्हणून दोन्हींचं माप सारखंसारखं. सध्याच्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज लिटरला ७५-७५ मिलिमोल आहेत.

एवढ्याशा पुडीवर विश्वास बसत नसेल तर दिलीप महालनबीस यांचं काम आठवा. मूळचे बालरोगतज्ज्ञ. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला होता आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरून ठेवली आणि नातेवाइकांनाच पेशंटला पाजायला सांगितलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, घरच्यांचे होते. तुमच्यासारखेच.

आता पाजायचं कसं ते. पेला तोंडाला लावूच नका, तहानलेलं मूल घटाघटा पितं आणि भडाभडा ओकतं. पाच मिलीचा चमचा किंवा सिरिंज घ्या, गालाच्या आतल्या बाजूला, मिनिटाला एक. कंटाळवाणं आहे, मला मान्य आहे. पण हिशेब करा: तासाला साठ चमचे म्हणजे ३०० मिली, आणि एकही उलटी नाही. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एक. जुलाब थांबेपर्यंत प्रत्येक पातळ शीनंतर १०० ते २०० मिली. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना ५० ते १००. अंगावरचं दूध सुरू असेल तर ते मुळीच तोडायचं नाही, आणि नेहमीचं जेवणही थोडं थोडं द्यायचं. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवलेली मुलं उशिरा बरी होतात. डॉक्टर झिंक देतील, ते शी घट्ट झाल्यावरही सांगितलेले १० ते १४ दिवस पूर्ण करा. मोठ्यांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या मुलांना अजिबात नाहीत.

आणि हो, शेवटची शू? सहा-आठ तास झाले नसेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, डोळे खोल गेले असतील, किंवा पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसत असेल, तर चमचा ठेवा आणि निघा. शीत रक्त दिसलं किंवा उलटी हिरवी झाली तरीही.

प्रश्न : बाळ तीन आठवड्यांचं. रात्री झोपेत भरभर श्वास घेतं, मग एकदम थांबतं. मी मोबाइलच्या उजेडात मोजत बसतो. सात, आठ सेकंद… आणि मग पुन्हा सुरू. बायको म्हणते मी वेडा झालोय.

वेडे नाही, नवे बाबा झालात. तान्ह्या बाळांचा श्वास असाच हप्त्याहप्त्याने चालतो. पाच-दहा सेकंदांची विश्रांती चालते. वीस सेकंद, किंवा ओठ निळे पडणं, अंग एकदम ढिलं पडणं, हे चालत नाही, तिथे लगेच रुग्णालय.

मोजायची आवड आहेच तर ती सर्दी-खोकल्याच्या दिवसांसाठी राखून ठेवा, तिथे तिचा फार उपयोग आहे. बाळ शांत असताना अंगातलं वर करा आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, तुम्हीच सांगितलंत की बाळ मध्येच थांबतं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा वर, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. आकडा तिथे पोचला किंवा वर गेला, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाऊ लागली, तर डॉक्टर. त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून नेलात तर तुमच्या दहा वाक्यांचं काम होईल. नुसती नाकातली घरघर असेल तर पाजण्याआधी सलाईनचे थेंब, बस. लहान मुलांना खोकल्याची सिरप नकोत, वाफेची भांडी तर नकोतच. वाफेने सर्दी बरी झालेलं मूल मला आठवत नाही, भाजलेली आठवतात. एका वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला लुळेपणा येऊ शकतो.

प्रश्न : पावणेदोन वर्षांच्या मुलाला तापात झटका आला. मी त्याच्या दातांत बोट घातलं, बोटाला चावा बसला. झटका पाच-सात मिनिटं तरी असावा. पुढे काय?

पाच-सात मिनिटं खरंच होती का, हे मी विचारणार, आणि का विचारणार ते सांगते. माझ्या धाकट्याला दीड वर्षाचा असताना असाच झटका आला होता. तेव्हा मी शिकून-सवरून बालरोगतज्ज्ञ झालेली, इतरांना रोज सांगणारी. मी त्याला उचललं आणि नुसती त्याच्या नावाने हाका मारत राहिले. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. नवऱ्याने बघितलं, मी नाही. मला विचाराल तर दहा मिनिटं. घड्याळाप्रमाणे पावणेदोन मिनिटं.

तापातले झटके सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येतात. दिसायला भयंकर, पण साध्या झटक्याने मेंदूला इजा होत नाही. तिघांपैकी एकाला पुन्हा येतो. तापाचं औषध वेळेवर दिल्याने तो टळत नाही, त्यामुळे 'माझंच चुकलं' हे मनातून काढून टाका. पुन्हा आला तर जमिनीवर कुशीवर झोपवा, आजूबाजूचं टणक सामान सरकवा, तोंडात काही नाही, बोट नाही, पाणी नाही, औषध नाही. आणि आधी घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेला, एकाच दिवसात दोनदा आला, शरीराच्या एकाच बाजूला आला किंवा तासाभरात मूल भानावर आलं नाही, तर रुग्णवाहिका. पहिला झटका मात्र किती का छोटा असेना, त्याच दिवशी दाखवायचा. तुम्ही दाखवलाय की नाही, हे पत्रात नाही. नसेल तर आज जा. आणि बोटाचंही दाखवा.

प्रश्न : मुलगी पाच आठवड्यांची. संध्याकाळी सहा ते नऊ सलग रडते. डॉक्टर म्हणतात तब्येत ठणठणीत आहे. परवा मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मी वाईट आई आहे का? नाव छापू नका.

नाही. हलवलं नाहीत आणि लिहिलंत.

रडण्याचा कळस सहाव्या आठवड्याच्या सुमारास असतो. तीन-चार महिन्यांत ते उतरतं. तोवर, पुन्हा तसं वाटलं तर तिला पाळण्यात पाठीवर ठेवा, भोवती उशी-पांघरूण नको, दार ओढून घ्या आणि दुसऱ्या खोलीत जा. पाच-दहा मिनिटं. पाळण्यात रडल्याने बाळाला काही होत नाही. गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो. हे घरातल्या प्रत्येकाला आजच सांगा, तुमच्यावर आळ न घेता सांगा, माझं नाव पुढे करा. आणि दिवसभर मन उदास राहत असेल, बाळ झोपलेलं असतानाही तुम्हाला झोप येत नसेल, तर ते तुमच्या डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार असतात आणि ते लागू पडतात.

सहा ते नऊ बाळाला घ्यायला घरात दुसरं कोण आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कळवा. आणि तुमच्या केसपेपरच्या कोपऱ्यात लिहायला मला एक वेळ हवी आहे: सलग चार तास तुम्ही शेवटच्या कधी झोपलात?